नळावरची हजेरी आणि नवा किनारा

नवा किनारा पक्षाने तीन वर्षं सत्तेत राहून इस्रायलमधल्या नेवे रोतेम गावाला काय दिलं, असं कुणी विचारलं की येफिम मार्कोविच लेक्सनर बोटं मोजायला घ्यायचा आणि अंगठ्यावरच थांबायचा. अंगठा म्हणजे बाक. हिरवा, लोखंडी, पाठीवर पितळी पाटी, पाटीवर पक्षाचं लाटेचं चिन्ह आणि खाली 'स्थलांतरितांना, स्थलांतरितांकडून'. बसथांब्यापासून सत्तर पावलं अलीकडे, वस्तीच्या नळाजवळ, भर उन्हात बसवलेला. एप्रिल ते ऑक्टोबर त्याचा उपयोग फक्त मांजरं करत, तीही त्याच्या खाली.

घरचेदारचे सगळे त्याला फिमा म्हणत. येफिम मार्कोविच ही वडिलांच्या नावासकटची हाक भांडणासाठी आणि सरकारी कामासाठी राखून ठेवलेली होती. युक्रेनमधल्या विनित्साच्या ट्राम डेपोत त्याने एकतीस वर्षं हजेरी घेतली. सकाळी पाचला खिडकीत बसायचं, चालकांची नावं पुकारायची, 'हजर' ऐकू आलं की गाडी सोडायची. राज्य कोसळत होतं, रूबल कोसळत होता, पण चार नंबरची ट्राम पाच चाळीसला सुटत राहिली, हे तो अजूनही अशा सुरात सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, बाकीच्यांनी हजेरी नीट घेतली असती तर सोव्हिएत संघ टिकला असता.

एक्क्याण्णव साली तो बायको क्लाराला घेऊन इस्रायलला आला आणि सरकारने त्याला नेवे रोतेमच्या पूर्वेला, जिथे डांबर संपून वाळवंट सुरू होतं, तिथे एका डब्यात ठेवलं. असे चौसष्ट डबे होते. पत्र्याचे, चाकं काढलेले, तीन लोखंडी पायऱ्या चढून आत जायचं. सहा महिन्यांची सोय, असं विमानतळावर सांगितलं होतं. सरकारी सहा महिने किती लांबतात ते सोव्हिएत माणसाला शिकवायला नको, पण परक्या देशात उतरल्यावर शहाणा माणूसही जरा भोळा होतो.

दुसऱ्याच आठवड्यात फिमाने एक शाळकरी वही घेतली, वस्तीच्या नळापाशी उभा राहिला आणि घरांसाठी रांग लावली. घरं कुठे होती? कुठेच नव्हती. यादी कुणी मागितली होती? कुणीच नाही. पण ही माणसं जिथून आली होती तिथे टेलिफोन असो, कपाट असो की जिवंत मासे असोत, रांग दिसली की कुणीतरी वही काढायचंच. तळहातावर पेनने नंबर, रोज सकाळी सहाला हजेरी, लागोपाठ दोनदा चुकलात की नाव कटलं. त्यामुळे चौसष्टच्या चौसष्ट कुटुंबांतलं एक-एक माणूस मुकाट्याने तळहात पुढे करून उभं राहिलं. 'कसली यादी' असं विचारायचंही कुणाला सुचलं नाही.

पहिला नंबर लागला त्सिल्या नाउमोव्नाचा. चौऱ्याहत्तर वर्षांची विधवा, पूर्वीची ग्रंथपाल, नळाला लागून असलेल्या डब्यात राहायची, म्हणून सगळ्यांत आधी पोचली. फिमाच्या हातात वही असल्यामुळे त्याचं स्वतःचं नाव लिहायचं राहूनच गेलं, ते सत्तावन्नावं लागलं. क्लारा म्हणाली, "वही तुझी, पेन तुझं, आणि नंबर सत्तावन्न? तुझ्या बुद्धीला तोड नाही."

"नियम म्हणजे नियम," फिमा म्हणाला.

"मग तुझी हजेरी तूच दे. मी काही सकाळी सहाला नळावर येणार नाही."

आणि ती सात वर्षांत एकदाही आली नाही.

वही भरल्यावर फिमा ती घेऊन गावातल्या घरकुल कचेरीत गेला. खिडकीत मझल बसली होती. मूळची मोरोक्कोची, जाडजूड, समोर वेलचीच्या काळ्या कॉफीचा पेला आणि सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलांचा ढीग. ती मंत्र्यापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना अरे-तुरे करायची.

"हे काय रे?" तिने विचारलं.

"यादी."

"कसली यादी? इथे संगणक आहे राजा. मुलं असतील तर गुण, आजार असेल तर गुण. गुण जास्त त्याला घर."

फिमाने समजूतदारपणे मान हलवली. "संगणकाची संगणकापाशी राहू दे. ही आमची."

मझलने वहीच्या प्रत्येक पानावरचा जांभळा गोल शिक्का न्याहाळला. तो विनित्साच्या ट्राम डेपोचा बाद झालेला शिक्का होता, फिमाने मोज्यात घालून आणलेला. शिक्क्याशिवायचा कागद त्याला अंगावर कपडे नसलेल्या माणसासारखा वाटे.

"माझी आई अशाच पत्र्याच्या खोपटात सात वर्षं राहिली," मझल म्हणाली. "तेव्हा आम्हाला ना वही होती, ना शिक्का. ना पक्ष." तिने एक बी फोडली. "जा, यादी सांभाळ. कुणाचं काय बिघडतंय."

गंमत अशी की यादी चालायची. संगणकाने मुलाबाळांच्या एखाद्या कुटुंबाला घर दिलं की फिमा ते नाव लाल पेन्सिलीने खोडायचा, मागचे सगळे एकेक नंबर पुढे सरकायचे. सात वर्षांत सव्वीस नावं खोडली गेली आणि अडतीस उरली. सत्तावन्नचा फिमा एकतिसावर आला. 'बघा, रांग पुढे जाते आहे!' असं प्रत्येकाला वाटे, आणि ते अगदीच खोटंही नव्हतं. फक्त पहिली बारा नावं जागची हलली नव्हती. त्यात बहुतेक एकटी म्हातारी माणसं. संगणकात एकटेपणाला गुण नव्हते, आणि वयाने झिजलेल्या गुडघ्यांना रकाना नव्हता. त्सिल्या नाउमोव्ना सात वर्षं पहिल्या नंबरावर होती. आता ती एक्क्याऐंशीची झाली होती आणि त्या तीन लोखंडी पायऱ्या उतरायला तिला हजेरीच्या आधी वीस मिनिटं निघावं लागे. मागच्या उन्हाळ्यात ती डब्यात दोनदा चक्कर येऊन पडली. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सहाला नळावर हजर.

"अहो, तुम्ही झोपून राहा, मी लावतो हजेरी," फिमा म्हणाला होता.

"फिमोच्का, आज माझी खोटी लावशील, उद्या दुसऱ्याची. मग रांगेला काय अर्थ राहील?"

हे वाक्य मुळात फिमाचंच होतं.

त्या सात वर्षांतल्या चौथ्या वर्षी पक्ष आला. वस्तीत पक्ष म्हणजे व्हादिक गोरेलिक: चाळिशीचा, चकचकीत डोक्याचा, पूर्वी तरुण कम्युनिस्टांच्या सहली काढायचा आणि आता त्याच उत्साहाने मतदार काढत होता. त्याने नळावर उभं राहून भाषण केलं. "चाळीस वर्षं मंत्रालयात आपलं माणूस नाही, म्हणून तुम्ही डब्यात! आपलं माणूस आत गेलं की डबे भंगारात!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकांनी त्याला बीटचं सूप पाजलं.

मतदानाच्या दिवशी फिमाने सगळी वस्ती यादीच्या क्रमाने केंद्रावर नेली. एकशे अठरा मतांपैकी एकशे सतरा नव्या किनाऱ्याला पडली. एक कुणाचं कमी पडलं याची चौकशी झाली नाही, कारण त्या दिवशी क्लारा फार शांतपणे बटाटे सोलत होती.

पक्षाचे सहा खासदार निवडून आले, एक मंत्री झाला, एक उपमंत्री. आपलं माणूस आत गेलं, आणि बाहेर यायला त्याला वेळच मिळेना. पहिल्या वर्षी डब्यांचा अभ्यास करायला समिती नेमली. समितीने डबे मोजले. ते आधीइतकेच भरले. दुसऱ्या वर्षी रशियन भाषेतली तक्रारीची टेलिफोन सेवा निघाली, तिच्यावर एक गोड आवाज रशियनमध्ये सांगायचा की सध्या सगळे अधिकारी हिब्रूत व्यग्र आहेत. मग बाक आला. बाकाच्या उद्घाटनाला उपमंत्री स्वतः येणार होते, पण त्यांच्या जागी त्यांचा फोटो असलेली दिनदर्शिका आली. खरं सांगायचं तर पक्षाने एकच पक्कं काम केलं: सरकारी कचेऱ्यांनी रशियन भाषेतला कागद भाषांतर न मागता स्वीकारला पाहिजे, असं परिपत्रक काढलं. व्हादिकने ते परिपत्रक चौकटीत घालून मझलच्या खिडकीवर स्वतः ठोकलं. तेव्हापासून मझल रशियन कागद हसतमुखाने स्वीकारू लागली आणि हसतमुखाने एका खोल खणात ठेवू लागली.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी निवडणुका पुन्हा दारात आल्या, आणि सरकारला एकदम नेवे रोतेम आठवलं. नव्या इमारतीतली तळमजल्याची बारा घरं उपमंत्र्यांच्या खास कोट्यातून निघाली. संगणक बाजूला, 'सोबतच्या यादीप्रमाणे द्यावीत' असं पत्र कचेरीला गेलं.

व्हादिक केकचा खोका घेऊन फिमाच्या डब्यात आला. "येफिम मार्कोविच! आपला दिवस उजाडला. मंत्रालय तुमची यादी मानणार. तुमची! हजेरीची! सात वर्षं तुम्ही उगाच नाही उभे राहिलात."

 फिमाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग वही काढून पहिली बारा नावं चांगल्या कागदावर उतरवली आणि खाली शिक्का मारला. क्लारा केक कापता कापता म्हणाली, "पुसून टाक डोळे, थेंब केकवर पडतील."

तीन दिवसांनी व्हादिक परतला तो टाइप केलेला कागद घेऊन. "थोडी सफाई केली," तो म्हणाला. "मजकूर तोच."

मजकुरात पहिला नंबर होता राइसा सोलोमोनोव्ना पेर्चिक.

"ही कोण?" फिमाने विचारलं.

"माझ्या सासूबाई."

"त्या तर अशदोदला राहतात. समुद्रासमोर."

"समुद्राची हवा त्यांना सोसत नाही. वाळवंटाची सांगितली आहे."

पुढची सात नावं पक्षाच्या कार्यकर्त्यांची होती. पोस्टर चिकटवणारे, टोप्या वाटणारे, एक जण तर फक्त घोषणांना चाल लावणारा. शेवटी वस्तीतली तीन नावं, तोंडी लावण्यापुरती. त्सिल्या नाउमोव्ना कुठेच नव्हती. आणि दोन नंबरावर होता: येफिम मार्कोविच लेक्सनर, पत्नीसह.

"त्सिल्या नाउमोव्ना?"

व्हादिकने आवाज खाली आणला. "हे बघा, मलाही वाईट वाटतं. पण एक्क्याऐंशी वय. घर पन्नास वर्षं टिकणार. जरा राजकीय दृष्टीने विचार करा. आणि मत किती? एक. तेही पुढच्या निवडणुकीपर्यंत…" त्याने हात आकाशाकडे केला. "तुम्ही मात्र दोन नंबरला. पक्ष आपल्या माणसाला विसरत नाही. फक्त शिक्का तेवढा मारा. वर त्यांना तो गोल शिक्का फार आवडला."

क्लारा पडद्याआडून ऐकत होती. डब्यात पडद्याआडून न ऐकण्याची सोयच नव्हती. ती बाहेर आली आणि इतकंच म्हणाली, "स्वयंपाकघराला खिडकी आहे का त्या घरात?"

"दोन!" व्हादिक म्हणाला.

फिमाने दोघांकडे पाहिलं. सात वर्षं क्लारा खिडकी नसलेल्या कोपऱ्यात शेगडीवर उभी होती, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. त्सिल्या नाउमोव्ना हा उन्हाळा त्या पत्र्यात काढेल की नाही, हेही त्याला चांगलंच माहीत होतं.

"ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "नावं वहीत घेतो. पण वहीत नाव आलं की वहीचे नियम लागू. सकाळी सहाला हजेरी. लागोपाठ दोनदा चुकलं की कट. शिक्का त्यानंतर."

व्हादिक मनापासून हसला. "अर्थात! अर्थात! नियम तर हवेतच." आणि केकचा उरलेला तुकडा खाऊन निघून गेला. फिमा विनोद करत नाही, हे त्याला तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सहाला नळावर अडतीस घरांची माणसं नेहमीसारखी उभी होती. फिमाने वहीचं नवं पान उघडलं.

"राइसा सोलोमोनोव्ना पेर्चिक!"

रांग एकमेकांकडे बघू लागली.

"पेर्चिक!" त्याने तीनदा पुकारलं, डेपोच्या नियमाप्रमाणे. नळ टपकत होता. "गैरहजर."

"कोण ही बया?" मागून पंधरा नंबरचा, पूर्वीचा शिलाई मास्तर, ओरडला.

"घराची उमेदवार," फिमा म्हणाला. "व्हादिकची सासू. रांगेत बोलू नये."

रांगेतल्या माणसाला बाकी काहीही सांगा, तो सहन करील. मध्ये कुणी घुसलं हे सांगू नका. कुजबूज उठली ती नळापासून शेवटच्या माणसापर्यंत गेली आणि शिव्या घेऊन परत आली. फिमाने वही आपटून शांतता केली.

"नंबर दोन. लेक्सनर, येफिम मार्कोविच."

आता सगळे त्याच्याच तोंडाकडे बघत होते. काठीवर वाकलेली त्सिल्या नाउमोव्ना म्हणाली, "उत्तर दे ना, फिमोच्का. समोरच तर उभा आहेस."

"दोन नंबरचा लेक्सनर गैरहजर," फिमा म्हणाला आणि खूण केली. "एकतीसचा हजर आहे."

बाकीचे सातही जण अर्थातच गैरहजर होते. त्या वेळी ते आपापल्या घरी, खिडक्या असलेल्या खोल्यांत झोपले होते. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच झालं. फिमाने नऊच्या नऊ नावांवर लाल पेन्सिल फिरवली, स्वतःच्यावर जरा जोरात. मग जुनी पहिली बारा नावं पुन्हा उतरवून काढली, शिक्का मारला, कचेरीत गेला आणि कागद मझलच्या हातात दिला.

"सोबतची यादी," तो म्हणाला.

"तू कुठे आहेस रे हिच्यात?"

"एकतीस."

मझलने कॉफीचा पेला खाली ठेवला. "तुझी बायको काय म्हणते?"

"काही म्हणत नाही."

हे अक्षरशः खरं होतं. क्लाराने दोन नंबरच्या लेक्सनरची बातमी शेजारणीकडून ऐकली होती आणि तेव्हापासून ती फिमाशी एक शब्द बोलली नव्हती. समोर वाटी आदळायची. वाटीत लोणी न घातलेली कुट्टूची लापशी. ज्याने कुट्टूची कोरडी लापशी खाल्ली नाही त्याला ही शिक्षा कळणार नाही. वाळू निदान फुकट असते.

चाव्या देण्याचा समारंभ पुढच्या रविवारी ठेवला होता. नव्या इमारतीसमोर मंडप, फुगे, पक्षाची लाट, रशियन वाहिनीचे दोन कॅमेरे. उपमंत्री या वेळी फोटोतून नाही, खरेच आले. थकलेला, गोरा, सभ्य माणूस. आपण कुठल्या गावात आहोत हे तो हातातल्या कागदावर अधूनमधून बघत होता. व्हादिकने फिमाला ध्वनिक्षेपकासमोर उभं केलं आणि टाइप केलेला कागद हातात कोंबला. "तुमची हजेरी, येफिम मार्कोविच! सगळा देश ऐकणार. शिक्का नंतर बघू."

पहिल्या रांगेत राइसा सोलोमोनोव्ना जांभळ्या टोपीत बसल्या होत्या. अकरा वाजता मात्र त्या अगदी वेळेवर आल्या होत्या.

फिमाने टाइप केलेला कागद नीट घडी घालून खिशात ठेवला आणि वही उघडली.

"नंबर एक. त्सिल्या नाउमोव्ना!"

"हजर!" आवाज फुटका होता, पण सात वर्षांच्या सरावाचा होता.

व्हादिक पुढे झाला. पण तोवर उपमंत्र्यांना काठीवर वाकलेली आजी दिसली होती, आणि कॅमेऱ्यांना उपमंत्री. ते मंचावरून धावतच खाली उतरले, तिला मिठी मारली, चावी दिली. तिने त्यांना विचारलं, "बेटा, पायऱ्या किती आहेत?"

"एकही नाही," उपमंत्री म्हणाले. तीन वर्षांत दिलेलं हे त्यांचं पहिलं नेमकं उत्तर असावं.

"नंबर दोन!" फिमाने पुकारलं. "हजर!" तिसरा, चौथा, बारावा. कॅमेरे चालू असताना चावी हिसकावून घेणं पक्षाच्या जाहीरनाम्यात बसत नव्हतं. व्हादिक टाळ्या वाजवत होता, दात दिसत होते, पण त्याला हसणं म्हणायला कुणी धजलं नसतं. राइसा सोलोमोनोव्नांनी जावयाकडे एकदाच पाहिलं. त्या रात्रीच्या जेवणाबद्दल फिमाला व्हादिकची दयाच आली.

सोमवारी व्हादिक पत्र आणि टाइप केलेला कागद घेऊन मझलच्या खिडकीवर आदळला. फिमा तिथेच होता. बारा जणांच्या पावत्या घ्यायला आलेला.

"चूक झाली आहे," व्हादिक म्हणाला. "ही खरी यादी."

मझलने कागद उलटा-सुलटा केला. "शिक्का कुठे आहे?"

"शिक्का… शिक्क्याचं काय घेऊन बसलीस?"

"माझ्याकडच्या यादीवर आहे." तिने तो खोल खण उघडून सगळ्यांत वरचा कागद काढला. "गोल. जांभळा. बघ किती सुंदर."

"अगं बाई, तो ट्रामचा शिक्का आहे! विनित्साचा ट्राम डेपो! वाच!"

"मला कुठे येतं रशियन?" मझल निरागसपणे म्हणाली आणि मान मागे वळवून खिडकीवरच्या चौकटीकडे बोट केलं. "पण रशियन कागद भाषांतर न मागता स्वीकारायचा, असा तुमच्या मंत्र्याचा हुकूम आहे. तूच खिळा ठोकलास ना? मी स्वीकारला. आणि संगणकात भरला. आता संगणकातून काढायचं तर समिती लागते."

व्हादिक फिमाकडे वळला. "येफिम मार्कोविच, तुम्ही दोन नंबरला होता. दोन! मूर्ख आहात तुम्ही."

"हजेरीला आलो नाही," फिमा म्हणाला. "चूक माझीच."

निवडणुकीच्या आठवड्यात पक्षाचं पत्रक घरोघर आलं. 'नव्या किनाऱ्याची तीन वर्षं', आणि पहिल्याच पानावर उपमंत्र्यांच्या मिठीत त्सिल्या नाउमोव्ना. खाली लिहिलं होतं: ज्येष्ठांना प्राधान्य हेच आमचं धोरण. फिमाने ते दोनदा वाचलं आणि दुसरं बोट उघडावं की नाही याचा विचार करत राहिला. या वेळी त्याने वस्तीला मतदानाला नेलं नाही. "घरांच्या रांगेचा आणि मतांचा संबंध नाही," तो म्हणाला. पक्षाचे सहाचे तीन झाले. उपमंत्री घरी गेले. बाक राहिला.

पण ही पुढची गोष्ट. चाव्या मिळाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे बाराही जणांचं सामान हलल्यावर, फिमाने नवं पान आखलं. अडतीसमधून बारा गेले, सव्वीस उरले. स्वतःचा नंबर लिहिताना तो थांबला. एकोणीस. सत्तावन्नवरून एकोणीस. क्लाराला सांगण्यासारखी बातमी होती, पण क्लारा अजून वाटी आदळतच होती.

सकाळी सहाला तो नळावर गेला. त्सिल्या नाउमोव्ना आधीच येऊन हिरव्या बाकावर बसली होती. नव्या घरापासून नळ बराच लांब होता, पण वाट सपाट होती.

"तुमचं नाव कटलं आहे," फिमा म्हणाला.

"माहीत आहे. सवय कटली नाही. आणि या वेळी हा बाक काही तापलेला नसतो." तिने पिशवीतून बरणी काढली. "ही क्लाराला दे. जर्दाळूचा मुरंबा. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत थंड केला."

"खिडकीत केला हे तिला सांगू नका."

"का? मी तर तिला काल बोलावलं होतं खिडकी बघायला. दोन तास उभी होती."

 फिमाने वही उघडली आणि तो पुकारायला लागला. एक. दोन. तीन. 'हजर', 'हजर', शिलाई मास्तरचं खोकत खोकत 'हजर'. अठरापर्यंत आला. स्वतःचं नाव तो नेहमी हळू आवाजात पुकारायचा आणि त्याहून हळू उत्तर द्यायचा, कारण एकाच माणसाने दोन्ही कामं करणं लोकांना हास्यास्पद वाटेल अशी त्याला धास्ती असे.

"नंबर एकोणीस," तो म्हणाला. "लेक्सनर."

"हजर," मागून आवाज आला.

झोपेच्या झग्यावर कोट चढवलेली क्लारा रांगेच्या टोकाला उभी होती. सगळ्या रांगेने वळून पाहिलं.

"बघत काय बसलास?" ती म्हणाली. "खूण कर. आणि लवकर आटप, लापशी गार होते आहे. लोणी घातलंय."